कॅन्सर बरा होत नसला, तरी वेदना कमी करता येते

आपल्या महाड-पोलादपूर भागात एखाद्याला कॅन्सर झाला की 'टाटाला नेले' असे सांगतात. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून कोकणातील माणसाला या रोगासाठी हेच नाव प्रथम आठवते. तेथे शस्त्रक्रिया होते, शेक दिले जातात, सलाईनमधून औषधे दिली जातात. कित्येक रुग्ण बरे होऊन आपल्या कामाला लागतात.

परंतु रोग फार पसरल्यावर गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत एक दिवस डॉक्टर सांगतात, 'आता घरी न्या, सेवा करा.' घरचे त्याचा अर्थ 'आता काहीच करता येण्यासारखे नाही' असा घेतात. रुग्णाला वाडीवर आणून आतल्या खोलीत निजवले जाते. तो रात्रभर कण्हतो आणि घरातील माणसे हतबल होऊन बसून राहतात. दुखणे हे या रोगाचे भोगच आहेत, असे सर्वजण धरून चालतात. हा समज चुकीचा आहे. रोग बरा करण्याचे उपाय संपले, तरी वेदना, दम लागणे, उलट्या, जखमेची दुर्गंधी यांवरचे उपाय संपत नाहीत.

उपशामक उपचार म्हणजे काय?

या उपचारांना इंग्रजीत 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर घ्यायचे वस्त्र असा आहे. थंडीने कुडकुडणाऱ्यावर पांघरूण घालावे तशी ही शुश्रूषा. डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले. शरीराच्या दुखण्याबरोबर मनाची भीती, घरच्यांची काळजी आणि पैशाची विवंचना मिळूनच रुग्णाची वेदना होते, असा त्यांचा विचार होता. भारतात १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे 'शांती आवेदना' हे पहिले शुश्रूषागृह उभे राहिले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला संस्थेचे केंद्र चालू आहे. तेथे रुग्णाची शुश्रूषा विनामूल्य होते, आणि ती कशी करावी हे घरच्यांनाही शिकवतात.

हे उपचार अगदी शेवटच्या दिवसांतच घ्यावेत असे नाही. अमेरिकेत बोस्टन येथे फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास झाला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर पहिल्यापासून उपशामक उपचार मिळालेल्या रुग्णांचे दिवस अधिक सुखाचे गेले, त्यांच्यात निराशा कमी आढळली, आणि ते इतरांपेक्षा सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. प्रत्येकाचे आयुष्य वाढेलच असे यावरून म्हणता येणार नाही. तथापि दुखणे थांबवल्याने माणूस लवकर जातो, ही भीती निराधार आहे.

मॉर्फीनविषयी गैरसमज

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेवरील औषधांची तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉलसारखी औषधे, त्यावरच्या वेदनेला ट्रामाडॉल किंवा कोडीन, आणि तीव्र वेदनेला मॉर्फीन. दुखणे फार असल्यास डॉक्टर थेट वरच्या पायरीपासूनही सुरुवात करतात. औषध शक्यतो तोंडाने आणि घड्याळ लावून घ्यायचे असते. दुखू लागल्यावर घेऊ म्हणून थांबले, तर वेदना औषधाच्या पुढे पळते.

मॉर्फीन अफूपासून मिळते, म्हणून त्याचे नाव निघताच घरचे दचकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कॅन्सरच्या वेदनेसाठी घेतल्यास व्यसन लागण्याची शक्यता फार कमी असते. पहिले दोन-तीन दिवस झापड येते, मळमळते. ते सहसा आपोआप कमी होते. बद्धकोष्ठ मात्र टिकून राहते, म्हणून सोबत रेचक औषध नेमाने घ्यावे लागते. मॉर्फीनचा डोस स्वतःच्या मनाने वाढवू नये, ते एकदम बंद करू नये, आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे.

१९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे हे औषध मिळणे दुरापास्त झाले होते. देशातील त्याचा औषधी वापर पुढील बारा-तेरा वर्षांत ९० टक्क्यांहून अधिक घटला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. आता अनेक परवान्यांऐवजी एकाच मान्यतेवर रुग्णालयांना ते ठेवता येते. तेव्हा टाटातून घरी निघतानाच उपशामक विभागात जावे. औषधे, त्यांच्या वेळा आणि पुढची चिठ्ठी लिहून घ्यावी.

घरी काय करावे?

तंबाखू आणि मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर पुष्कळ आढळतात. अशा जखमेला दुर्गंधी सुटते आणि शरमेने रुग्ण माणसांत येईनासा होतो. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुऊन डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड टाकल्यास वास बराच कमी होतो. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. दम लागत असेल तर उशांच्या आधाराने बसवावे आणि तोंडावर पंख्याचा वारा घ्यावा. खाण्याची बळजबरी करू नये. पेज, नाचणीची आंबील, मऊ भात, जे दोन घास गोड लागतील ते द्यावेत. शेवटच्या दिवसांत भूक जाते ती रोगामुळे. त्यात सेवा करणाऱ्या सुनेचा किंवा लेकीचा काही दोष नसतो.

किती दुखते हे रुग्णालाच रोज विचारावे. 'बाबा, सोळा आण्यांपैकी आज किती आणे दुखतंय?' असे विचारले की जुन्या माणसांना नेमके सांगता येते. ते आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. त्यावरून औषध बसवणे सोपे जाते.

'त्यांना काही सांगू नका' असे डॉक्टरांना बजावण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यामागे माया असते, पण बहुतेक रुग्णांना कळायचे ते कळलेले असते. मग तो एकटाच मनात कुढत राहतो. कोणाला भेटायचे आहे, जमिनीचे काय करायचे, शेवटचे दिवस रुग्णालयात काढायचे की घरी, हे सांगण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. त्याला किती जाणून घ्यायचे आहे हे विचारावे आणि तेवढे खरे सांगावे.

पावसाळ्याची तयारी

जुलै २०२१ मध्ये सावित्रीचा पूर महाड शहरात शिरला आणि तळियेवर दरड कोसळली. पावसाळ्यात रस्ते बंद होणे आपल्याला नवे नाही. घरात असा रुग्ण असेल तर पाऊस सुरू होण्यापूर्वीच निदान पंधरा दिवसांची औषधे आणून ठेवावीत. गावातील आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर यांना रुग्णाची माहिती देऊन ठेवावी. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत उपशामक शुश्रूषेचा समावेश आहे, तेव्हा ती मागण्यात संकोच नको. कॅन्सरच्या रुग्णाला एस.टी. आणि रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला घ्यावा.

रुग्ण रात्री दुखण्याने जागत असेल, तर औषध कमी पडत आहे असे समजावे. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन औषध बदलून किंवा वाढवून मागावे.