पाखंडाचे खटले : बॉस्टन ते सांता फे

मॅसॅच्युसेट्स. इथे इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचे पाखंडविरोधी न्यायासन, नव्हते. प्युरिटन वसाहतीत पाखंडाचे खटले जनरल कोर्ट, म्हणजे दिवाणी सत्ताच, चालवी. चर्चच्या हाती फक्त बहिष्कार.

• रॉजर विल्यम्स : 1635 मध्ये हद्दपार. पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स वसवले.

• अ‍ॅन हचिन्सन : घरी स्त्री-पुरुषांना जमवून प्रवचनांची चर्चा करीत. नोव्हेंबर 1637 मध्ये कोर्टाकडून हद्दपारी, मार्च 1638 मध्ये चर्चमधून बहिष्कार. खटले दोन, आरोप निराळे.

• क्वेकर : हद्दपारीनंतर परतल्यास मृत्युदंड, असा कायदा 1658 मध्ये झाला. 1659 ते 1661 दरम्यान बॉस्टनमध्ये चौघांना फाशी. त्यांपैकी मेरी डायर यांच्या गळ्यात 1659 मध्ये फास अडकवून ऐन वेळी शिक्षा थांबवली होती. त्या पुन्हा आल्या आणि 1 जून 1660 रोजी फासावर गेल्या.

सेलम, 1692. आरोप पाखंडाचा नव्हे, चेटुकाचा. 19 जणांना फाशी, एकाचा दगडांच्या वजनाखाली मृत्यू. जाळले कोणालाच नाही, समज काहीही असो.

न्यू मेक्सिको. खरे इन्क्विझिशन इथवर पोहोचले. न्यायासन मेक्सिको सिटीत, स्थापना 1571. माजी गव्हर्नर बर्नार्दो लोपेझ दे मेंदिसाबाल आणि पत्नी तेरेसा यांना 1662 मध्ये सांता फेमध्ये पकडले. छुप्या यहुदी आचाराचा संशय. पुरावा काय, तर शुक्रवारी आंघोळ करून स्वच्छ कपडे घालणे! मेंदिसाबाल 1664 मध्ये कोठडीतच वारले. तेरेसा सुटल्या.