नाक खाली, शेपूट वर

१९६८ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटी इंटरनॅशनल रेसवेवर ‘बग-इन’ नावाचा मेळावा पहिल्यांदा भरला. ही धावपट्टी ड्रॅग शर्यतींची. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर दोन गाड्या एकदम सोडायच्या, आधी पोचेल तो जिंकला, एवढाच खेळ. एरवी तिथे आठ सिलिंडरची अमेरिकी धुडं गर्जत असत. या मेळाव्यात मात्र धावायला आल्या फोक्सवागन बीटल. इंजिन मागे, डिकी पुढे, रेडिएटरचा पत्ता नाही, आणि १९६७ सालच्या १५०० सीसी मॉडेलची कंपनीने दिलेली ताकद जेमतेम ४४ अश्वशक्ती.

त्या सुमारास ऑरेंज काउंटीतल्या पोरांच्या बीटल दुरूनच ओळखू येऊ लागल्या होत्या. पुढची बाजू रस्त्याकडे झुकलेली, मागची जवळजवळ कंपनीने ठेवली होती त्याच उंचीवर. बंपर गायब, दारांवरून जाणारी क्रोमची पट्टी गायब, पत्र्यातली तिची भोकं बुजवून वर आरशासारखा रंग. ‘हॉट व्हीडब्ल्यूज’ या मासिकाने १९७५ च्या फेब्रुवारी अंकात या थाटाला ‘कॅलिफोर्निया लुक’ म्हटलं आणि लोकांनी ते आखडून ‘कॅल लुक’ केलं.

या थाटावर लिहिणारे बहुतेक जण रंगात, चाकांत आणि क्रोममध्ये रमतात. माझ्या मते खरी गंमत गाडीच्या पोटाखाली आहे. गाडीची मागची बाजू खालीवर करण्याची सोय कारखान्याने स्वतःच देऊन ठेवली होती. ती अर्थातच हौशी पोरांसाठी नव्हती. जुळणीतली तफावत भरून निघावी, दोन्ही बाजू समपातळीत याव्यात, म्हणून दिली होती. पोरांनी तिचा ताबा घेतला.

त्या काळच्या बीटलला ना ट्रकसारखे पाटे आहेत, ना गुंडाळीच्या स्प्रिंगा. फर्डिनांड पोर्शे यांच्या श्टुटगार्टच्या कचेरीने १९३१ मध्ये टॉर्शन बारचं पेटंट घेतलं, तीच कल्पना या गाडीत आली. ओल्या धोतराचं एक टोक कुणी घट्ट धरावं आणि दुसऱ्याने दुसरं टोक पिळावं, की पीळ उलटा फिरू पाहतो. पोलादाच्या दांडीकडून नेमकं हेच काम करून घेतलेलं असतं. चाक खड्ड्यातून वर उचललं गेलं की दांडीला पीळ बसतो आणि दांडी तो सोडवत चाकाला परत खाली ढकलते. जागा कमी लागते, वजन कमी भरतं आणि सगळं नळीत झाकलेलं असल्यामुळे चिखलमातीपासून सुरक्षित राहतं. स्वस्त आणि टिकाऊ गाडीसाठी याहून बरी योजना त्या काळात सापडणं कठीण होतं.

आता मागच्या चाकांकडे जाऊ, कारण सगळं डोकं तिथे लढवलेलं आहे. प्रत्येक चाकासाठी एक गोल दांडी, गाडीच्या आडव्या नळीत बसवलेली. तिच्या दोन्ही टोकांना दाते कापलेले असतात, आतल्या टोकाला ४० आणि बाहेरच्या टोकाला ४४. आतलं टोक नळीच्या मध्यावर पक्कं अडकतं. बाहेरच्या टोकावर स्प्रिंग प्लेट नावाची लांब पोलादी पट्टी चढते आणि तिचं दुसरं टोक बोल्टांनी ॲक्सलला जोडलेलं असतं. दोन्हीकडे दाते सारखे का ठेवले नाहीत? ३६० अंशांना ४० ने भागलं की आतला एक दात ९ अंशांचा होतो. ४४ ने भागलं की बाहेरचा दात ८ अंश ११ मिनिटांचा. दांडी आत एक दात फिरवली आणि प्लेट बाहेर एक दात उलट दिशेने फिरवली, तर हाती उरतो तो दोहोंतला फरक, अंशाच्या पाऊण भागाहून किंचित जास्त. वर्कशॉप मॅन्युअलात तो ५० मिनिटांचा धरतात. व्हर्नियर कॅलिपर हाताळलेल्याला हे तत्त्व लगेच उमगेल. नुसता एक दात सरकवला तर चाकापाशी पाच-सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन्ही टोकांचा मेळ घातला की तोच फरक पाच-सहा मिलीमीटरवर येतो. ना स्क्रू, ना नट, ना कुठला हलता भाग. निव्वळ दोन संख्यांची वजाबाकी.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं? गाडी ठोकळ्यांवर घ्यायची, चाक काढायचं, शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट सोडायचा. स्प्रिंग प्लेट आणि ॲक्सल जिथे जोडलेले असतात तिथे छिन्नीने एकच खूण करून ठेवायची. ती विसरली तर परत जोडताना चाकाची दिशा चुकते आणि टायर महिन्याभरात एका कडेने खाल्ला जातो. मग प्लेट मोकळी करायची. ही पायरी धोक्याची. प्लेट एका ओठावर टेकलेली असते आणि दांडीत पीळ भरलेलाच असतो. जॅक आणि साखळी लावून तिला वर उचलून ओठावरून सरकवावं लागतं. हाताने किंवा पहारीने खेळ केला तर ती सुटून पायाचं हाड मोडू शकते. पीळ निघाला की प्लेट खाली लोंबते. आता तिचा कोन मोजायचा, तोही जमिनीशी नव्हे, तर गाडीच्या तळाशी, म्हणजे दाराच्या उंबऱ्याशी. गॅरेजची फरशी उतरती असेल तर जमिनीवरून घेतलेलं माप सपशेल खोटं निघतं. मॅन्युअलात प्रत्येक सालच्या मॉडेलसाठी हा कोन दिलेला असतो. त्यात हवा तेवढा बदल करायचा आणि दाते मोजून दांडी परत आत ढकलायची.

दोन गोष्टींत जुने मेस्त्री फार कडक असतात. दांडीच्या टोकावर ‘एल’ किंवा ‘आर’ कोरलेलं असतं, डावी आणि उजवी. कारखान्यात तिला तिच्या कामाच्या दिशेने आधीच पीळ देऊन मुरवलेलं असतं, त्यामुळे अदलाबदल केली तर ती फार काळ टिकत नाही. आणि दांडीच्या रंगावर ओरखडा पडू द्यायचा नाही. पोलादाचा तडा ओरखड्यातून सुरू होतो. दात्यांना ग्रीस चोपडा, पण दांडी पान्याने ठोकू नका.

उंची बदलली की चाकाचा तिरपेपणाही बदलतो, आणि सजावटीचा प्रश्न इथे जिवावरचा होतो. जुन्या बीटलचा मागचा ॲक्सल गिअरबॉक्सपाशी तेवढा मुडपतो. चाकापाशी सांधा नाही. गाडीची मागची बाजू उचलली गेली की चाकं खालच्या अंगाला आत वळतात. वेगात वळण घेताना बाहेरचं चाक असं मुडपून पोटाखाली गेलं तर गाडी घसरते, वेळप्रसंगी उलटते. अमेरिकेत यावरून मोठं वादळ उठलं ते शेवरोले कॉर्वेअरवर. तीही मागे इंजिन असलेली आणि हवेने थंड होणारी. राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या १९६५ मधल्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण १९६० ते १९६३ च्या कॉर्वेअरवर आहे. तिच्या पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवायची होती आणि सगळी मदार त्या फरकावर होती. पंपावर चारही टायरांत सारखी हवा भरणाऱ्या पोऱ्याला हे कुणी सांगायचं? पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारी तपासणीने कॉर्वेअर तेव्हाच्या तशाच इतर गाड्यांहून वाईट नसल्याचं म्हटलं, पण तोवर गाडी बंद पडून तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या सेंटर फॉर ऑटो सेफ्टीने फोक्सवागनवरही बोट ठेवणारा अहवाल काढला.

कंपनीला हे दिसत नव्हतं असं नाही. १९६७ च्या गाड्यांत मागे एक जोडस्प्रिंग आली आणि १९६९ च्या अमेरिकी मॉडेलांत ॲक्सलची बांधणीच बदलली, चाकापाशीही सांधा आला. हौशी लोक मात्र आधीच कामाला लागले होते. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावी जो व्हिट्टोन फोक्सवागनची डीलरशिप चालवत. त्यांची एम्पी ही कंपनी गिअरबॉक्सखाली बसवायचा ‘कॅम्बर कॉम्पेन्सेटर’ विकायची. दोन्ही ॲक्सलना खालून धरणारी ही आडवी कमान चाकांना मुडपू देत नसे. दात्यांचं गणित करून मागची बाजू जराशी खाली घेतली, की चाकं वरच्या अंगाला किंचित आत कलतात आणि वळणावर गाडी जास्त शहाण्यासारखी वागते. म्हणजे मागची बाजू दोन बोटं खाली घेणारा पोरगा कळत-नकळत गाडी सुरक्षित करत होता. मागची बाजू उगाच उंच चढवणाऱ्याने मात्र याच्या बरोबर उलट केलं.

पुढच्या बाजूची गोष्ट इतकी सरळ नाही. तिथे एकावर एक दोन आडव्या नळ्या आहेत आणि प्रत्येकीत गोल दांडीऐवजी पातळ पोलादी पट्ट्यांची जुडी. जुडी मधोमध एका स्क्रूने पकडलेली असते आणि दोन टोकांना चाकांचे हात. इथे दात्यांची सोय नाही. मग लोकांनी तीन वाटा काढल्या. आळशी वाट म्हणजे जुडीतल्या काही पट्ट्या काढून टाकायच्या. गाडी खाली बसते खरी, पण स्प्रिंग मऊ होते, प्रत्येक गतिरोधकावर तळ आपटतो आणि पुढची बाजू होडीसारखी डुलते. हा प्रकार मला मुळीच पटत नाही. दुसरी वाट नळी मधोमध कापून, पकड फिरवून पुन्हा वेल्ड करण्याची, किंवा तिथे फिरवता येणारा ॲडजस्टर वेल्ड करण्याची. स्प्रिंगचा कडकपणा शाबूत राहतो, पण सगळा भरवसा वेल्डरच्या हातावर. तिसरी वाट चाकाचा आस वर सरकवलेल्या वेगळ्या स्पिंडलची. ती महाग पडते, पण गाडीचं मूळ लोखंड कापावं लागत नाही.

कुठल्याही वाटेने गेलात तरी एक बिल येतंच. नाक खाली गेलं की सगळी गाडी पुढे कलते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. सायकलचं हँडल सोडलं तरी चाक सरळ राहू पाहतं त्यातही याच कोनाचा वाटा असतो. तो कमी झाला की १०० च्या वेगाला गाडी रस्ता शोधत हिंडू लागते, बाजूने ट्रक गेला की स्टिअरिंगला घाम फुटतो. उपाय अगदी किरकोळ दिसणारा आहे. खालची नळी जिथे चासिसला बोल्टने बसते तिथे मागे पोलादी शिम घालायची. नळ्यांची चौकट खालून जराशी पुढे येते आणि हरवलेला कोन परत मिळतो. हे न करता नुसतं नाक पाडून हिंडणारे किती असतील! १९६६ च्या मॉडेलपासून पुढे बॉल जॉइंट आले. त्यांना वाकायला मर्यादा आहे, जास्त पाडलं की ते अडतात. त्याआधीच्या लिंक पिनच्या गाड्या ही मस्ती जास्त सोसतात, त्यामुळे शौकिनांचा ओढा जुन्या गाड्यांकडे. टाय रॉडचे कोन बदलतात, मूळ शॉकॲब्सॉर्बर लांब पडतात, रुंद टायर मडगार्डला घासतात. एक गोष्ट हलवली की पाच हलतात.

सजावटीतही नियम काढून टाकण्याचाच. ड्रॅग शर्यतीत वजन घटवायला बंपर काढले जात. रस्त्यावरच्या गाडीने तीच सवय दागिन्यासारखी मिरवली आणि बंपरच्या जागी बारीक नळीचे दोन खुंट आले. दारांच्या काचांतली तिकोनी खिडकी काढून एकसंध काच बसली. चाकं मात्र शेजारच्या घरातून आली. पोर्शे ९११ साठी मायनर्ट्सहागनच्या ओट्टो फुक्स कंपनीने बनवलेली पाच पाकळ्यांची ॲलॉय चाकं बसवण्यासाठी लोक ब्रेक ड्रमला नवी भोकं पाडत, कारण बीटलच्या जुन्या पाच बोल्टांचं वर्तुळ २०५ मिलीमीटरचं आणि पोर्शेचं १३०. ब्रिटनच्या स्पीडवेलची मॅग्नेशियमची बीआरएम चाकं त्याहून दुर्मीळ. मागच्या झाकणाखाली १५८४ सीसीचं इंजिन ८२ मिलीमीटर स्ट्रोक आणि ९२ मिलीमीटर बोअरवर नेऊन २१८० सीसीचं केलेलं, वर वेबरचे ४८ आयडीए कार्ब्युरेटर.

देखणेपणाच्या नादात सर्वांत महागात पडते ती पत्र्याची काटछाट. इंजिन थंड ठेवणारी हवा पंखा वरून ओढतो, पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर सोडतो आणि तापलेली हवा खाली निघून जाते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर म्हणजे गरम आणि थंड हवेमधली भिंत. क्रोमचं इंजिन दिसावं म्हणून ती भिंत पाडली की पंखा तीच तापलेली हवा पुन्हा गिळतो. तीन नंबरच्या सिलिंडरची आधीच उपासमार होती, कारण ऑइल कूलर त्याच्या वाट्याच्या हवेत उभा होता. कंपनीने १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूच्या वेगळ्या घरात हलवला. मे महिन्यात पुणे-नाशिक रस्त्यावर अशी गाडी चालवायची असेल तर क्रोमच्या आधी ते रबर विकत घ्यावं.

आपल्याकडे या छंदाला कायद्याचं कुंपणही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी घट्ट वाचलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. दात्यांवर फिरवलेली दांडी दुपारभरात परत जागेवर आणता येते. कापून वेल्ड केलेली नळी आणि बुजवलेली क्रोमची भोकं परत आणता येत नाहीत. कॅलिफोर्नियात आता उलटाच प्रकार चालू आहे. १९७० च्या दशकात कापलेल्या गाड्या शोधून त्या दशकातल्या रूपात परत उभ्या केल्या जातात आणि अस्सल बीआरएम चाकांसाठी लोक चढ्या भावाने पैसे मोजतात. तिथल्या शौकिनाला ती जुनी काटछाटच आता मूळ रूप वाटते; आपल्या आरटीओच्या खिडकीवर तोच बदल नोंदणीच्या आड येईल.