पान बिघडते उन्हाने, हरते दुरुस्ती थांबल्याने

मे महिना लागला की नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्यांतून एकच वाक्य कानावर येते: "दिल्लीचं ऊनच वाईट, झाड जळालं, टाकून दिलं." हे ऐकले की चीड येते, कारण टाकलेले झाड पुष्कळदा जिवंत असते आणि दोष एकट्या उन्हाचा नसतो.

प्रकाशाने पानात बिघाड रोजच होतो, कोवळ्या उन्हातही. पाणी फोडून ऑक्सिजन सोडणारी हरितलवकातली यंत्रणा, म्हणजे प्रकाशप्रणाली-२, काम करता करताच नादुरुस्त होते. घाव बसतो तो मुख्यतः डी-१ या प्रथिनावर. पान सगळी यंत्रणा मोडीत काढत नाही. ती थोडी सुटी होते, एफटीएसएच हे विकर खराब डी-१चे तुकडे करते, हरितलवकातल्याच जनुकावरून नवे डी-१ घडते आणि त्या जागी बसते. बाकीचे बहुतेक भाग पुन्हा कामाला लागतात. प्रखर उन्हात हे दिवसभर चालते.

मग पान करपते कधी? बिघाड दुरुस्तीच्या पुढे गेला की. जपानमधल्या निशियामा, मुराता आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निळ्या-हिरव्या शेवाळावर दाखवले, की ऑक्सिडीकारक ताण घाव वाढवण्यापेक्षा दुरुस्तीच अडवतो. नवे डी-१ बनेनासे होते. उष्णता, थंडी आणि क्षार यांचाही मारा दुरुस्तीवरच असल्याचे पुढे दिसले. म्हणून ४५ अंशांत सुकलेल्या कुंडीतले रोप हरते. जानेवारीत धुके विरून लख्ख ऊन पडते, पण हवा गारठलेली असते, तेव्हाही दुरुस्ती मंदावते. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेले रोप एकदम पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवले, तर त्याची तयारीच झालेली नसते. अशा मनीप्लांटचे पान नीट पाहा: पांढुरके चट्टे उघड्या भागावर, आणि वरच्या पानाची सावली पडली तेवढा तुकडा हिरवागार.

"अंधाऱ्या खोलीत ठेवा, सावरेल." नाही. डी-१ नव्याने बसवायला मंद का होईना, प्रकाश लागतो.

"खत घाला." ताणात असलेल्या मुळांवर क्षारांचा आणखी भार कशाला?

"दुपारी पाण्याचे थेंब भिंगासारखे पान जाळतात." गुळगुळीत पानांवर नाही, हे हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगाने तपासले आहे. थेंब पृष्ठभागापासून उचलून धरणाऱ्या लवदार पानांवर मात्र ते घडू शकते.

पांढरा पडलेला चट्टा पुन्हा हिरवा होत नाही, हे खरे. पण झाड टाकण्याआधी खोडाची साल नखाने जरा खरवडून बघा. आत हिरवे दिसले तर कुंडी जाळीच्या सावलीत सरकवा, माती ओलसर ठेवा आणि नव्या पानांची वाट पाहा.