गुळवेल : ओळख, आश्रयवृक्ष आणि आपले उत्तरदायित्व

रत्नागिरी परिसरात गुळवेल शोधत हिंडावे लागत नाही. आंबा-काजूच्या बागा, गडगे, रानाच्या कडा सर्वत्र ती आढळते. तथापि वैपुल्य म्हणजे शुद्धता नव्हे, याकडे वैद्यबंधू व औषधी दुकानदार यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तिक्त-कषाय रस, उष्ण वीर्य व मधुर विपाक असलेली ही वल्ली ज्वर, वातरक्त, प्रमेह व कामला यांत उपयुक्त. चरकाचार्यांनी गुडूचीच्या स्वरसाचा मेध्य रसायनांत समावेश केला आहे. अमृतारिष्ट व संशमनी वटी तर आपल्या नित्याच्या व्यवहारातील.

कोविडच्या साथीत घरोघरी काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांतील यकृतविकाराची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पतीची ओळखच तपासली नव्हती, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. २०२२ मध्ये १३ केंद्रांच्या अभ्यासात ४३ रुग्ण नोंदले गेले. त्यांतील अनेकांत स्वयंप्रतिकार विकाराची लक्षणे होती. केवळ आक्षेपाने आपले उत्तरदायित्व संपत नाही. अशा प्रकृतीच्या रुग्णांत गुळवेल जपून योजावी आणि काविळीची शंका येताच ती थांबवून यकृताची तपासणी करून घ्यावी.

ओळखीविषयी : खऱ्या गुळवेलीची पाने हृदयाकृती व गुळगुळीत असतात. खोडाची साल कागदासारखी सुटते, आतील भाग हिरवा दिसतो, आडव्या छेदात चक्र दिसते; म्हणूनच ‘चक्रलक्षणिका’ हे नाव. टिनोस्पोरा क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात, तर पद्मगुडूचीची पाने लवयुक्त असतात. केवळ वाळलेले तुकडे पाहून निर्णय करू नये.

आश्रयवृक्षही पाहावा. काजऱ्यावरील वेल घेऊ नये, हा परंपरेचा दंडक आहे. परंतु कोकणात अधिक चिंता हापूसच्या कलमांची वाटते. मोहोरापासून फळधारणेपर्यंत त्यांवर कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या होतात व तीच वेलीवरही पडते. माल घेताना तो कोणत्या झाडावरून काढला, हे विचारावेच.

उत्तम उपाय म्हणजे लागवड. गुडूची सदैव ओलीच घ्यावी, असा शार्ङ्गधराचा संकेत आहे. कडुनिंब आपल्याकडे तुरळक. म्हणून पावसाच्या तोंडावर पेराएवढे जाड, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे शेवग्याच्या वा पांगाऱ्याच्या बुंध्याशी लावावेत. ‘छिन्नरुहा’ती; तोडली तरी रुजते. प्रत्येक चिकित्सालयाच्या आवारात ओळख पटलेली एक तरी वेल असावी, ही आमची आग्रहाची विनंती.