मेगापिक्सेल वाढले म्हणून फोटो फाटत नाही

मे महिना सरत आला की भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांकडेला रात्री ट्रायपॉड उभे राहिलेले दिसतात. कुणाला तोरण्याच्या पायथ्याचे काजवे टिपायचे असतात, कुणाला राजगडाच्या बालेकिल्ल्यावर कमान धरलेली आकाशगंगा हवी असते, कुणी भाटघरच्या पाण्यात उतरलेले तारे शोधत असतो. याच मंडळींपैकी नवा फुल-फ्रेम कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो : २४ मेगापिक्सेलचा घ्यावा, ४५ चा की ६१ चा? प्रश्न अगदी रास्त आहे. त्याला मिळणारं ठरलेलं उत्तर मात्र चुकीचं आहे. "रात्रीचं काम आहे ना? मग मेगापिक्सेल कमीच घ्या. जास्त घेतले की अंधारात फोटो फाटतो." दुकानात हेच ऐकायला मिळतं, लग्नाचे फोटो काढणारे हेच सांगतात, यूट्यूबवर हेच चालतं. आणि या एका वाक्यावर विसंबून माणसं दोन-तीन लाख रुपये खर्चून गरजेचा नसलेला कॅमेरा घरी आणतात. म्हणून हे वाक्य एकदा नीट तपासायला हवं.

त्यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच ते इतकं टिकलं आहे. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरचा असतो. सोनीच्या ए७एस ३ मध्ये एवढ्या जागेत १२ मेगापिक्सेल बसवले आहेत, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल साधारण ८.४ मायक्रॉन रुंद आहे. ए७आर ५ मध्ये त्याच जागेत ६१ मेगापिक्सेल आहेत आणि पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे. क्षेत्रफळ काढलं तर मोठा पिक्सेल लहानाच्या पाचपट भरतो. त्याच्यावर पाचपट प्रकाश पडतो, त्यामुळे एकेकटा पाहिला तर तो अधिक स्वच्छ असतो, हे खरं. पण आपण एक पिक्सेल पाहत नाही, फोटो पाहतो.

अंगणात पावसाचं पाणी धरायचं आहे असं समजा. अंगणभर मोठी घंगाळं मांडली काय किंवा तांबे खेटून मांडले काय, अंगण तेवढंच आणि पाऊस तेवढाच, तर जमा होणारं पाणीही तेवढंच. एका तांब्यात घंगाळापेक्षा कमी पाणी साचतं म्हणून अंगणात पाऊस कमी पडला असं कुणी म्हणणार नाही. भांड्यांमधल्या फटीत पाणी वाया जाईल ही शंका येऊ शकते. जुन्या सेन्सरच्या बाबतीत ती रास्तही होती. आता प्रत्येक पिक्सेलवर प्रकाश आत वळवणारं सूक्ष्म भिंग असतं, आणि मागच्या बाजूने प्रकाश घेणाऱ्या सेन्सरमध्ये तारांचा अडथळाही पुढे येत नाही. असा पहिला फुल-फ्रेम सेन्सर २०१५ मध्ये सोनीच्या ए७आर २ मध्ये आला, आणि तो ४२ मेगापिक्सेलचा होता.

आता आकडे मांडू. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या येण्यातच अनियमितता असते. सरासरी १०० कण येत असतील तर चढउतार १० चा, ५०० येत असतील तर साधारण २२ चा. म्हणजे चढउतार वर्गमुळाने वाढतो. अंधाऱ्या फोटोत दिसणारे दाणे, म्हणजेच नॉइज, मुख्यतः याच चढउतारामुळे येतात. मोठ्या पिक्सेलवर ५०० कण आले तर त्याच जागेतल्या पाच लहान पिक्सेलांवर प्रत्येकी १०० येतील. एकेका लहान पिक्सेलमध्ये संकेत नॉइजच्या दहापट असेल, मोठ्यात बावीसपट. इथवर पाहून लोक निकाल देतात. पण ते पाच लहान पिक्सेल एकत्र केले की पुन्हा ५०० कण, पुन्हा २२ चा चढउतार. फोटो सारख्या आकाराला आणला की फरक संपतो.

हे एकत्र करणं वेगळं करावं लागत नाही. फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, टीव्हीवर लावला किंवा अल्बमसाठी छापला की आपोआप होतं. ४के टीव्हीवर एकूण ८३ लाख पिक्सेल असतात. ६१ मेगापिक्सेलचा फोटो तिथे सातपटीहून अधिक आक्रसूनच दिसतो. तरी तुलना मात्र होते ती शंभर टक्के मोठं करून. साध्या मॉनिटरवर इंचाला साधारण ९६ पिक्सेल धरले, तर ६१ मेगापिक्सेलचा, ९५०४ पिक्सेल रुंदीचा फोटो शंभर टक्क्यांवर सव्वाआठ फूट रुंद होतो, आणि १२ मेगापिक्सेलचा पावणेचार फूट. एक फोटो दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा करायचा आणि मग "बघा, याच्यात दाणे जास्त" म्हणायचं, ही तुलनाच नाही. हे इतक्या वेळा सांगून झालं आहे, तरी दर हंगामात नव्याने सांगावं लागतं.

शंका असेल त्यांच्यासाठी मोजमापं उपलब्ध आहेत. डीएक्सओमार्क ही संस्था कॅमेऱ्यांचे आकडे ८ मेगापिक्सेलच्या एकाच आकाराला आणून देते. २०१२ मध्ये निकॉनने दोन फुल-फ्रेम कॅमेरे आणले : १६ मेगापिक्सेलचा डी४ आणि ३६ मेगापिक्सेलचा डी८००. कमी प्रकाशातल्या कामगिरीचा त्यांचा आकडा अनुक्रमे २९६५ आणि २८५३ आला. मेगापिक्सेल दुपटीहून अधिक, आणि फरक एका स्टॉपच्या (प्रकाश दुप्पट होण्याच्या एका पायरीच्या) विसाव्या भागाइतका. पुढे २०१५ च्या सोनीच्या जोडीत तर १२ मेगापिक्सेलच्या ए७एस २ ला २९९३ मिळाले आणि ४२ मेगापिक्सेलच्या ए७आर २ ला ३४३४. नव्या रचनेचा सेन्सर हा पिक्सेलच्या आकारापेक्षा जास्त महत्त्वाचा ठरला.

मग मोठ्या पिक्सेलचा फायदा कुठेच नाही का? आहे. पिक्सेलमधला संकेत वाचून घेताना कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक्स स्वतःचा थोडा नॉइज मिसळतं, आणि हे प्रत्येक पिक्सेलमागे एकदा घडतं. चांगल्या सेन्सरमध्ये वरच्या आयएसओला हा नॉइज एक-दोन इलेक्ट्रॉनचा असतो. दीड धरू. पाच लहान पिक्सेल वाचले की तो पाचपट नव्हे, पाचच्या वर्गमुळाने वाढून ३.३५ होतो. जिथे ५०० कण आले आहेत तिथे त्याने जेमतेम एक टक्का फरक पडतो. पण जिथे सगळे मिळून २०च कण आले, तिथे नॉइज सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, आणि तो दिसू शकतो.

वेल्ह्यात याचा अर्थ काय? एफ/१.८ ला १५-२० सेकंद शटर उघडं ठेवलं, तर केळदकडच्या काळ्याशार रात्रीतही आकाशाचा स्वतःचा मंद उजेड या वाचन-नॉइजच्या कितीतरी पुढे असतो. तिथे १२ आणि ६१ मध्ये निवड करायला कारण उरत नाही. फरक दिसलाच तर आकाशाखालच्या डोंगरात आणि झाडीत दिसेल, तोही सावल्या चार-पाच स्टॉप उपसल्यावर. त्यावर उपाय सोपा आहे : जमिनीसाठी वेगळं, लांब एक्सपोजर घ्यायचं. या भागाची एक मोठी देणगीही आहे. पुण्याच्या दिव्यांचं धुकट तेज इथून ईशान्येला येतं, आणि आकाशगंगेचा केंद्रभाग दक्षिणेला. मे महिन्याच्या मध्यात पहाटे तीनच्या सुमारास तो दक्षिणेला क्षितिजापासून जवळजवळ ४३ अंशांवर असतो. म्हणजे शहराचा उजेड पाठीशी राहतो. नॉइज कमी करायला ही दिशा आणि अमावास्येजवळची रात्र कोणत्याही सेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडते.

"जास्त मेगापिक्सेलवर तारे लगेच ओढले जातात" हे याच गैरसमजाचं भावंड. २० मिलिमीटरच्या लेन्सवर, आकाशीय विषुववृत्ताजवळच्या ताऱ्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला सुमारे १.४५ मायक्रॉन सरकते. २५ सेकंदांत ३६ मायक्रॉन. ती रेघ ६१ मेगापिक्सेलवर दहा पिक्सेल लांब आणि १२ वर चार पिक्सेल लांब असेल, पण १२ बाय १८ इंचांच्या प्रिंटवर दोन्हींत ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमीच येते. जास्त मेगापिक्सेलने रेघ वाढत नाही, मोठं करून पाहिल्यावर ती लपत नाही इतकंच.

कमी मेगापिक्सेल घ्यायची खरी कारणं वेगळी आहेत, आणि ती भक्कम आहेत. पहिलं व्हिडिओचं. रात्रीची वरात, गोंधळ, पालखी हे तुमचं मुख्य काम असेल तर १२ ते २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा जवळजवळ सगळे पिक्सेल भराभर वाचून ४के देऊ शकतो. ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सेकंदाला पन्नास वेळा सगळा सेन्सर वाचणं जमत नाही, म्हणून तो पिक्सेल गाळतो किंवा घाईने जोडतो. व्हिडिओपुरतं दुकानदाराचं म्हणणं बरोबर आहे. दुसरं कारण साठवणुकीचं. १४ बिटची ६१ मेगापिक्सेलची रॉ फाइल न आवळता किमान १०७ मेगाबाइटची होते, २४ ची ४२. काजव्यांच्या एका चित्रासाठी १०० फ्रेम घेतल्या तर एकीकडे साडेदहा जीबीहून जास्त आणि दुसरीकडे चार. घरचा संगणक जुना असेल तर हा विचार आधी करा. काही कॅमेरे लहान रॉ फाइल देतात. ए७आर ५ मध्ये २६ आणि १५ मेगापिक्सेलचे पर्याय आहेत.

आणि ज्याची चर्चाच होत नाही ती गोष्ट : लेन्स. एफ/४ च्या झूमऐवजी एफ/१.८ ची लेन्स लावली की सेन्सरवर जवळजवळ पाचपट प्रकाश येतो. आजच्या कोणत्याही दोन फुल-फ्रेम सेन्सरांत एवढं अंतर नाही. काजव्यांच्या बाबतीत तर हेच सर्वस्व आहे. काजवा क्षणभर चमकतो आणि पुढे सरकतो. शटर ३० सेकंद उघडं ठेवलं तरी त्या एका चमकेचा उजेड वाढत नाही, फक्त पार्श्वभूमी उजळते आणि चमकांची संख्या वाढते. प्रत्येक चमक किती ठळक येईल हे मुख्यतः अॅपर्चर ठरवतं. अनेक फ्रेम 'लाइटन' पद्धतीने एकावर एक चढवताना प्रत्येक जागेचा सर्वांत उजळ पिक्सेल निवडला जातो, म्हणजे दाणेही निवडून गोळा होतात. पार्श्वभूमी फ्रेमची सरासरी काढून घ्या आणि काजवे त्यावर चढवा; १६ फ्रेमच्या सरासरीने नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो. काजव्यांच्या झाडावर टॉर्च किंवा गाडीचे दिवे मात्र कृपा करून मारू नका. सारा लुईस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'बायोसायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पाहणीत अधिवासनाशापाठोपाठ कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशकं हेच काजव्यांपुढचे मोठे धोके ठरले आहेत.

उरलेले गैरसमज थोडक्यात. आयएसओ वाढवल्याने नॉइज तयार होतो, हे खरं नाही. प्रकाश कमी पडल्याने होतो, आयएसओ तो दाखवतो. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन ताऱ्यांना थांबवत नाही. ट्रायपॉडवर ते बंद ठेवा. फोनच्या २०० मेगापिक्सेलचा रात्रीशी संबंध नाही. गॅलॅक्सी एस२३ अल्ट्रा नेहमीच्या वापरात सोळा पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आणि एआयने नॉइज काढल्यावर फोटो गुळगुळीत दिसतो, पण अंधुक ताऱ्यांपैकी काही त्याच्यासोबत जातात; मूळ रॉ फाइल जपून ठेवा.

तेव्हा खरेदीचा हिशेब असा मांडावा. मुख्य काम व्हिडिओचं असेल तर १२ ते २४. फोटो हेच काम असेल, मोठ्या प्रिंट काढायच्या असतील, राजगडाच्या फोटोतून नुसती संजीवनी माची कापून घ्यायची असेल, तर ४५ किंवा ६१ निर्धास्त घ्या. पैसे मोजके असतील तर २४ ची बॉडी आणि उरलेल्या पैशांत एफ/१.८ ची लेन्स. दुकानात स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा, दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखीच लेन्स, सारखंच शटर आणि सारखाच आयएसओ ठेवून काउंटरखालच्या अंधाऱ्या कोपऱ्याची रॉ फाइल काढा, घरी दोन्ही फोटो ४००० पिक्सेल रुंदीला आणा, आणि मगच ठरवा.