गाडी स्वच्छ, तर माल स्वच्छ

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, कापडाच्या कोणत्याही बाजारात सकाळी फेरी मारा. दुकानाची पायरी धुतलेली दिसेल, गादीवरची चादर पांढरीशुभ्र असेल, ताग्यांवर धूळ बसू नये म्हणून नोकर फडके घेऊन उभा असेल. त्याच दुकानासमोरची मालाची गाडी मात्र चिखलाने माखलेली, हौद्यात तेलाचे डाग आणि एका टायरात हवा कमी! दुकानातील दहा-वीस हजारांच्या मालाला आपण जितके जपतो, तितके दारातील काही लाखांच्या गाडीला जपत नाही. वास्तविक दोन्ही आपलेच भांडवल आहे. दुकानातले नजरेसमोर असते, गाडीचे मात्र झिजताना दिसत नाही, एवढाच फरक.

२००५ साली टाटा एस बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' या नावाने घरोघर माहीत झाली. तेव्हापासून लहान व्यापारीही स्वतःची मालवाहू गाडी बाळगू लागला. सोय झाली, पण जबाबदारीही आली. ईदच्या आधीच्या पंधरा दिवसांत गाडी एक दिवस गॅरेजात राहिली, तर त्या दिवसाचा माल दुसऱ्याच्या दुकानातून जातो. गेलेले गिऱ्हाईक ईदनंतर परत येईलच याची खात्री नसते. म्हणून गाडीची निगा हा शौक नव्हे, धंद्याचाच एक भाग आहे.

आधी हौदा पाहा

गाडी धुवायची म्हटले की लोक काच आणि बॉनेट चमकवतात. कापडवाल्याने सुरुवात हौद्यापासून करावी. ग्रीसचा डाग लागलेला तागा गिऱ्हाईक परत करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु गंजाचे नुकसान त्याहून गंभीर असते. हौद्याच्या पत्र्याचा गंज ओल्या कोऱ्या कापडाला लागला, तर तेव्हा तो फिकट तांबूस ठिपका वाटतो. पुढे ते कापड हायड्रोजन पेरॉक्साइडच्या ब्लीचिंगला गेले की लोखंडाच्या त्या कणापाशी रासायनिक क्रिया भलतीच जोरात होते, तेथील सूत जळाल्यासारखे कमजोर होते आणि कापडाला बारीक भोक पडू शकते. मग प्रोसेसवाला विणकराला दोष देतो, विणकर सुताला, आणि खरा कसूर गाडीच्या पत्र्याचा असतो.

यावर इलाज सोपा आहे. आठवड्यातून एकदा हौदा झाडून, धुऊन पूर्ण वाळवावा. गंज दिसताच तो पॉलिश पेपरने घासून त्यावर रेड ऑक्साइड प्रायमर व रंग मारावा. तळाला रबरी मॅट किंवा जाड प्लास्टिक अंथरावे, मात्र त्याखाली पाणी साचू देऊ नये. ताडपत्री उन्हात धरून पाहावी. जिथून उजेड दिसतो, तिथून पाणीही येणार.

धुण्याची रीत आणि फडक्याची निवड

कोरड्या फडक्याने धूळ पुसणे ही सर्वात प्रचलित चूक आहे. धुळीत वाळूचे कण असतात आणि फडके फिरवले की ते रंगावर कानशीसारखे चालतात. आधी भरपूर पाणी मारून धूळ वाहू द्यावी, मगच हात लावावा. गाडी सावलीत, इंजिन व बॉनेट थंड असताना, वरून खाली या क्रमाने धुवावी. चाके शेवटी घ्यावीत. त्यांचे फडके वेगळे असावे, कारण ब्रेकची बारीक भुकटी त्यांवर बसलेली असते. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाच्या पाण्याची आणि दुसरी फडके खळबळायची. कपड्यांची पावडर वापरू नये. ती रंगावरचे मेणाचे संरक्षण काढून टाकते. गाडीचा शाम्पू थोडासाच लागतो. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच धुवावी, अन्यथा उन्हात तिचा डाग रंगात उतरतो.

फडक्याचा विषय तर आपल्याच धंद्याचा आहे. नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर, हे सिंथेटिकचे काम करणारा प्रत्येक व्यापारी जाणतो. मायक्रोफायबर म्हणजे एक डेनियरपेक्षाही बारीक तंतू. बहुधा पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे मिश्र तंतू चिरून ते बनवतात, त्यामुळे धूळ त्यांच्या फटींत अडकते आणि रंगावर घासली जात नाही. शेवटचे पुसणे त्यानेच करावे. हे फडके धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, त्याने तंतूंच्या फटी बुजतात. होजिअरीच्या चिंध्या तेल-ग्रीस पुसायला उत्तम, पण शिलाई, बटन किंवा चेन असलेली चिंधी रंगाला लावू नये. आणि तेलाने भिजलेली चिंधी इंजिनजवळ विसरू नये. सायलेन्सरच्या गरम नळीला ती लागली, तर आग लागायला वेळ लागत नाही.

सकाळची दहा मिनिटे

गाडीचे बरेचसे मोठे आजार लहान असताना डोळ्यांना दिसतात. गाडी सुरू करण्यापूर्वी, सपाट जागेवर, पुढील गोष्टी पाहाव्यात.

इंजिन ऑइल : कांडी पुसून पुन्हा घालावी व काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. ऑइल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी मिसळत असावे. अशी गाडी चालवू नये.

कूलंट : बाजूच्या टाकीत पातळी पाहावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, आतील दाबाचे उकळते पाणी अंगावर उडते. नळाचे पाणी घालत राहिल्यास आत क्षार व गंज साचतो. कंपनीने सांगितलेलेच कूलंट घालावे.

टायर : हवा टायर थंड असताना तपासावी. आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. कमी हवेचा टायर कडेने झिजतो, तापतो आणि इंधन जास्त खातो. टायरच्या खाचांत झिजेची खूण म्हणून लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचे आयुष्य संपले. बाजूवरच्या चार आकड्यांत टायर बनल्याचा आठवडा व वर्ष असते. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. जुना टायर नवा म्हणून गळ्यात पडू नये, यासाठी खरेदी करताना हे आकडे वाचावेत.

बॅटरी : टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसल्यास तारा सोडवून खायच्या सोड्याच्या पाण्याने साफ करावी, कोरडी करून वर व्हॅसलिन लावावे. तार सोडवताना आधी वजा टोक, जोडताना ते शेवटी.

यंत्रमागांच्या वस्तीत गाडी उभी करणाऱ्यांनी एक जादा काम करावे. हवेत उडणारे कापसाचे तूस एअर फिल्टरमध्ये आणि रेडिएटरच्या जाळीत बसते. फिल्टर गुदमरला की गाडी ओढत नाही, जाळी बुजली की इंजिन तापते. सर्व्हिसिंगची वाट न पाहता मधून मधून दोन्ही तपासावेत. गोदामात गाडी लावत असाल तर बॉनेट उघडून उंदरांच्या खुणाही पाहाव्यात. वायरिंग कुरतडण्यात ते पटाईत असतात.

घाटात ब्रेकची परीक्षा

मालेगावहून भिवंडीला जाणारा माल कसारा घाट उतरतो. भरलेली गाडी उतारावर सतत ब्रेक दाबून आणली, तर ब्रेक भयंकर तापतात. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. नवे डॉट-४ ऑइल साधारण २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. ते उकळले की नळीत वाफ होते, पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून पातळी पुरी दिसली, तरी ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलून घ्यावे आणि उतारावर खालचा गिअर ठेवावा. दोन पेट्या जास्त लादून वाचवलेले भाडे घाटात फार महाग पडते. येथे प्रश्न मालाचा नसून माणसाच्या जिवाचा असतो.

पावसाळ्यापूर्वी

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या दिवसाचा धडा आजही लागू आहे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, चावी फिरवली की आतील कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून गॅरेजात न्यावी. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिनचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पॉलिसी घेतानाच हे विचारून घ्यावे. पावसाआधी वायपरचे रबर बदलावे, दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी करावीत आणि खालच्या बाजूला गंजरोधक लेप द्यावा. समुद्राची खारी हवा असलेल्या कोकणात तर हे टाळूच नये.

गाडीची वही

आपण दुकानाची खातेवही ठेवतो, तशी गाडीचीही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती खर्च आला, एवढेच लिहावे. शेवटच्या पानावर विमा, पीयूसी आणि फिटनेस यांच्या मुदती असाव्यात. मालवाहू गाडीची फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी करावी लागते. विमा संपून नव्वद दिवस उलटले तर साठलेला नो क्लेम बोनसही जातो. गाडी विकायच्या वेळी अशी वही समोर ठेवली की घेणाऱ्याला भरवसा वाटतो आणि भावही बरा येतो.

शेवटची गोष्ट ड्रायव्हरची. दिवसभर गाडीत तोच असतो. आवाज बदलला, ब्रेक मऊ झाला, हे प्रथम त्यालाच कळते. परंतु अनेक मालक खराबी सांगणाऱ्यालाच "तूच काहीतरी केले असशील" म्हणून झापतात. मग तो सांगणे सोडून देतो. डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि तो "पोहोचल्यावर बघू" म्हणत गाडी हाकत राहतो. लाल दिवा म्हणजे ताबडतोब थांबणे, पिवळा म्हणजे लवकर तपासणे, हे त्याला समजावून सांगावे. खराबी वेळेवर सांगितल्याबद्दल त्याची पाठ थोपटावी. जो मालक ड्रायव्हरचे ऐकत नाही, त्याला गाडीचा आजार रस्त्यातच कळतो, तोही भरल्या मालासकट.

दुकान उघडण्यापूर्वीची दहा मिनिटे, आठवड्यातून एक धुलाई आणि एक वही. धंद्यातील बरकत टिकवायला याहून स्वस्त सौदा शोधून सापडणार नाही. उद्या सकाळी शटर वर करण्याआधी बॉनेट वर करून पाहावे.