ओढण्याआधीचा हिशोब

रस्त्याचे राखणदार : लेखांक 6

भरलेला मालट्रक महामार्गावर आडवा झाला की खोळंबलेल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो : क्रेन कधी येणार? ती चालवणाऱ्या माणसाला काय काय ठाऊक असायला हवं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. गेल्या लेखांकात आपण महामार्गावरच्या गस्ती पथकांचं काम पाहिलं. या वेळी त्यांच्या हाकेला धावून येणाऱ्या जड टो ट्रकचा चालक कसा घडतो ते पाहू. या विद्येची शिस्तशीर शिकवणी अमेरिकेत रुजली, म्हणून सुरुवात तिथून.

टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा शहरात 1916 साली अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याच्या मित्राची फोर्ड मॉडेल टी ओढ्यात उलटली. माणसांच्या बळावर, दोर लावून ती बाहेर काढण्यात तासन् तास गेले. त्या अनुभवानंतर होम्सने एका कॅडिलॅकच्या चासीवर तीन खांब, कप्पी आणि साखळी बसवली. टो ट्रकचा जन्म तिथला. आज त्याच शहरात या व्यवसायाचं संग्रहालय आहे, आणि काम करताना जीव गमावलेल्या चालकांच्या नावांची एक भिंतही. त्या भिंतीवर आजही नावं चढतात. प्रशिक्षण कशासाठी, याचं उत्तर तिथे कोरलेलं आहे.

अमेरिकेत जड वाहन चालवायला वेगळा परवाना लागतो. पण त्याची परीक्षा गाडी चालवण्याची असते. पडलेली गाडी उभी करण्याचं ज्ञान त्यात तपासलं जात नाही. ही उणीव व्यवसायातल्या लोकांनीच भरून काढली. 1991 पासून ‘रेकमास्टर’ ही संस्था मैदानावर प्रत्यक्ष काम करायला लावून प्रमाणपत्र देते. टोइंग व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेची, ‘ट्रा’ची, परीक्षा तीन पायऱ्यांची आहे : आधी हलकी वाहनं, मग मध्यम आणि जड, आणि शेवटी जड वाहनांच्या अपघातांतली रिकव्हरी, म्हणजे पडलेली किंवा अडकलेली गाडी बाहेर काढणं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांताने तर जुलै 2024 पासून टो ट्रकचालकाला सरकारी प्रमाणपत्र सक्तीचं केलं आहे.

मैदानावर नेमकं काय शिकवतात? पहिला धडा असा की विंचला, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राला, हात लावायच्या आधी हिशोब मांडायचा. गाडी किती टनांची, माल कुठे सरकलाय, चाकं कशात रुतलीत, चढ किती? अमेरिकी सैन्याच्या रिकव्हरीच्या पुस्तकांत यासाठी सोपे ठोकताळे दिलेले आहेत. चाकापर्यंत रुतलेली गाडी ओढायला साधारण तिच्या वजनाएवढा जोर लागतो. मडगार्डपर्यंत रुतली असेल तर दुप्पट. चढाच्या दर अंशामागे वजनाचा साठावा भाग आणखी मिळवायचा. म्हणजे वीस टनांचा ट्रक मडगार्डपर्यंत चिखलात असेल तर चाळीस टनांचा ओढा हवा. हे न कळता वीस टनांच्या हिशोबाने दोर लावला, तर तो तुटणार. ताणलेला पोलादी दोर तुटला की चाबकासारखा उलटा येतो आणि वाटेत माणूस असेल तर त्याला वाचवणं कुणाच्या हाती राहत नाही.

दुसरा धडा कोनाचा. दहा टनांचं वजन दोन बेल्टांवर सरळ उभं टांगलं तर प्रत्येकावर पाच टन येतात. तेच बेल्ट फाकवून जमिनीशी 60 अंशांचा कोन केला की प्रत्येकावर 5.77 टन, 45 अंशांवर 7.07, आणि 30 अंशांवर चक्क दहा. पाण्याने भरलेली बादली दोघांनी धरून एकमेकांपासून लांब सरकावं तसे हात भरून येतात, तोच हा प्रकार. वर्गात फळ्यावर हे पटतं, पण अंगात मुरत नाही. म्हणून मैदानात दोराला वजनमापक लावतात. बेल्ट फाकवताना काटा चढताना दिसला की शिकणारा पुढे कधी बेल्ट आखूड पडला म्हणून ‘चालून जाईल’ म्हणत नाही. कप्पीचंही तसंच. दोर कप्पीतून पूर्ण मागे वळवला की ती कप्पी ज्याला बांधली आहे त्यावर दोराच्या दुप्पट ताण येतो. मग ज्या झाडाला किंवा खांबाला ती बांधली, तो तेवढा सोसणार का, हे आधीच बघायला हवं.

आडवा पडलेला ट्रेलर उभा करणं हा सगळ्यात अवघड धडा. त्याच्या पातळ पत्र्याला साखळी लावली तर पत्रा फाटतो, म्हणून रुंद पट्टे वापरतात आणि तेही खालच्या सांगाड्याचा जोर मिळेल अशा जागी. ट्रेलर हळूहळू उठतो आणि एका क्षणी तोल पलीकडे जातो. त्या क्षणानंतर ओढण्याची गरज संपते, रोखण्याची सुरू होते. समोरच्या बाजूने दुसरा दोर आधीच लावलेला नसेल तर ट्रेलर चाकांवर आदळतो आणि कधी कधी पलीकडे उलटतोही. एकाने ओढायचं, दुसऱ्याने इंचाइंचाने सोडायचं, आणि दोघांनी एकाच माणसाच्या हातवाऱ्यांवर नजर ठेवायची. असला समन्वय पुस्तक वाचून येत नाही.

गाडी उभी राहिली तरी ती न्यायची असते. रेकरने, म्हणजे जड टो ट्रकने, मागे वजन उचललं की त्याचा पुढचा ॲक्सल हलका होतो. रेकरच्या पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर 6 मीटर, उचललेलं वजन मागच्या ॲक्सलच्या 3 मीटर मागे आणि ते वजन 7 टन असेल, तर पुढच्या ॲक्सलवरून साडेतीन टन कमी होतात. तिथे मुळात सहा टन असतील तर उरले अडीच, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अशा गाडीचं स्टिअरिंग ओल्या वळणावर ऐकेनासं होतं. म्हणून पुढचं किमान निम्मं वजन शाबूत ठेवायचं हा नियम शिकणाऱ्याकडून पुन्हा पुन्हा सोडवून घेतात. ओढल्या जाणाऱ्या गाडीची मागची चाकं रस्त्यावर फिरणार असतील तर प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो, नाहीतर इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल खेळत नाही आणि बेअरिंग जळतात. हवेचे ब्रेक असलेल्या गाडीची हवा गेली की ब्रेकच्या डब्यातली स्प्रिंग चाकं जाम करते. ती कशी सोडवायची हे शिकावंच लागतं, कारण दाबलेल्या स्प्रिंगचा तो डबा चुकीचा उघडून मेकॅनिकांचे जीव गेले आहेत.

या कौशल्याला तिथे दामही मिळतो. फ्लोरिडात आणि जॉर्जियातल्या अटलांटा परिसरात मोठ्या अपघातानंतर ठरलेल्या वेळेत, साधारण दीड तासात, रस्ता मोकळा करणाऱ्या टो कंपनीला सरकार बोनस देतं. या योजनांत उतरायचं तर यंत्रसामग्रीबरोबर चालकांचं प्रशिक्षणही दाखवावं लागतं. मागे थांबलेल्या रांगेत पुढचे अपघात होतात, म्हणून हा खर्च परवडतो.

आता आपल्याकडे वळू. जून 2023 मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर कुणे पुलापाशी रसायनाचा टँकर उलटून पेटला आणि चौघांचा जीव गेला. टँकरच्या पाठीवरच्या फलकावर आत काय आहे त्याचा क्रमांक असतो : 1203 म्हणजे पेट्रोल, 1075 म्हणजे एलपीजी. तो वाचल्याशिवाय टँकरला साखळी लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आपल्या रस्त्यांवर अशा अपघाताच्या वेळी बहुधा हायड्रा धावते. ती बांधकामाच्या सपाट, टणक जमिनीवर माल उचलून नेण्यासाठी बनवलेली क्रेन आहे. बूम जितकी लांब, तितकी तिची ताकद कमी. घाटातल्या उतारावर तर ती स्वतःच कलंडू शकते. तिचा चालक धाडसी असतो, हाताचा पक्का असतो. त्याला हिशोब शिकवणं ही आपली जबाबदारी आहे.

त्यासाठी फार मोठं भांडवल नको. एक मोकळं मैदान, भंगारातले दोन ट्रक, एक ट्रेलर, वजनमापक, बेल्ट, कप्प्या आणि जाणता शिक्षक. पुण्यात भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्टसारखी वाहतुकीला वाहिलेली संस्था आहे. हा अभ्यासक्रम तिथे शोभेल. परीक्षकाने समोर उभं राहून हात बघितल्याशिवाय प्रमाणपत्र द्यायचं नाही आणि टोलच्या करारात क्रेनच्या संख्येबरोबर प्रमाणित चालकांची संख्याही लिहायची. एवढ्या दोन अटी जरी पाळल्या, तरी घाटातली अनेक माणसं संध्याकाळी धडधाकट घरी जातील.

(पुढील लेखांकात : धोकादायक माल वाहणारे टँकर आणि त्यांच्या फलकांची भाषा)